तात्यांचं एवढंसं

तात्यांच्या अंगठ्याला डोळे होते. पितळेचा तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून ते एकदाच फिरवायचे आणि म्हणायचे, "हा नाय बसनार." मग आम्ही गेज आणून लावायचो, आणि तो खरंच बसायचा नाही. केसभर फरकसुद्धा त्यांच्या बोटाला कळायचा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा नव्या बाईला चकवतोय, आधीच कुठली तरी खूण करून ठेवली असणार. म्हणून मी माझ्या हाताने दहा तुकडे निवडून त्यांच्यापुढे टाकले. दहाच्या दहा बरोबर सांगितले त्यांनी, तेही चहा पिता पिता.

आमचा कारखाना वसईजवळ वालीवला, नळांना लागणाऱ्या पितळी भागांचा. तयार माल तपासायच्या खोलीत मी लागले तेव्हा तात्या तिथले मुख्य होते. सबंध कारखाना त्यांना गेजवाले तात्या म्हणायचा. गेज म्हणजे एक पोलादी दांडी. तिचं एक टोक तुकड्याच्या भोकात शिरलं पाहिजे आणि दुसरं शिरता कामा नये, एवढाच तिचा कायदा. मशीनवरची माणसं गयावया करत यायची, तात्या, थोडंसंच घट्ट जातंय, सोडा की. तात्या मान वर न करता तुकडा लाल पेटीत टाकायचे. "थोडंसं असं काय नसतं," ते म्हणायचे. "बसतं, नायतर नाय बसत." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की घरी नवऱ्याशी भांडतानाही तेच तोंडात यायला लागलं.

तुमच्याही कामावर असा एक तात्या असेल, नाहीतर होऊन गेला असेल. आपण काम ज्याच्याकडून शिकलो त्याचं पूर्ण नाव आपल्याला हजेरीपटावरच कळतं. आमचे तात्या खाडीकडच्या गावातले. घरची केळीची वाडी, थोडं भात, आणि ते सांभाळून तीस वर्षं वालीवची नोकरी. मी विरारच्या मनवेलपाड्यातली, दोन शेअर रिक्षा बदलून येणारी, तोंडाने फटकळ. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून चांगला माल लाल पेटीत आणि वाईट माल हिरव्या पेटीत जायला लागला तेव्हा मी रडकुंडीला आले होते. तात्या ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या तळहातावर दोन तुकडे ठेवले. "डोळे मीट, बाय. डोळे फसवतात. बोट नाय फसवत." तीन दिवस मी डोळे मिटून तुकडे चाचपत बसले आणि चौथ्या दिवशी मला फरक कळला. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन सगळ्यांच्या बांगड्या चाचपून पाहिल्या.

अशा माणसाबद्दल मी काय करून बसले ते आता सांगते.

आमच्याकडे पेढे, लाडू, काजूकतली यांना निमित्त कमी पडत नाही. कोणी नवी बाइक घेतली की मिठाई, कोणाची मुलगी बारावी झाली की मिठाई, कोणाच्या खोलीचं रजिस्ट्रेशन झालं की मिठाई. दसऱ्याला तर मशीन धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते आणि शेठ प्रत्येकाला खोकं देतात. तात्या अशा वेळी गमतीशीर वागायचे. खोकं पुढे आलं की आधी दोन्ही हात मागे घ्यायचे, नको नको म्हणायचे, मला गोड चालत नाय म्हणायचे. खोकं पुढच्या माणसाकडे सरकलं की त्याच्या मागोमाग त्यांची मान वळायची. सगळे पांगले की मात्र ते खोक्याजवळ एकटेच घुटमळताना दिसायचे. "एवढंसं घेतो," असं ते पुटपुटायचे, कोणाला उद्देशून ते कळायचं नाही. मला वाटायचं, साखर असेल म्हाताऱ्याला. त्यापलीकडे मी विचार केला नाही, कारण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे लागलं होतं.

बहुतेक समारंभांच्या दुसऱ्या दिवशी तात्यांची रया गेलेली असायची. डोळे लाल आणि सुजलेले, ओठ जाड, आवाज घोगरा. अकरा वाजता खुर्चीवर डुलक्या. उठले की एक हात भिंतीला. तोंडात सतत लवंग. मशीनवरची पोरं डोळे मिचकावून म्हणायची, काल जोरात झालेली दिसते, तात्या. तात्या हसायचे. नाही म्हणायचे नाहीत, हो म्हणायचे नाहीत, नुसते हसायचे.

आता माझं सांगते. माझे आप्पा प्यायचे. माझं अख्खं लहानपण ते डोळे ओळखण्यात गेलं. दाराची कडी वाजण्याच्या पद्धतीवरून मी सांगू शकायचे, आज किती झाली आहे. लवंग कशासाठी चघळतात ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. एकदा दुपारी मी पाहिलं, तात्या भंगाराच्या पिंपांमागे गेले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दोन मिनिटांत तोंड पुसत बाहेर आले, हातातलं गायब. आणि एकदा त्यांचा रुमाल खाली पडला तेव्हा दिसलं, त्यांच्या पँटचे दोन्ही खिसे वरून शिवून बंद केलेले होते. आमची आई आप्पांच्या बाबतीत हेच करायची, बाटली लपवू नये म्हणून. मला आणखी कसला पुरावा हवा होता? मी आतून खचले. जगातला एक सरळ माणूस सापडला होता, तोही तसलाच निघाला.

वर्षभर मी कोणाला बोलले नाही. उलट त्यांना सांभाळून घेतलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासलेला माल मी गुपचूप पुन्हा तपासायचे. पण त्या दसऱ्यानंतर मी दोन दिवस रजेवर होते, आणि त्यांनी पास केलेला सबंध माल गिऱ्हाइकाने परत पाठवला. तात्यांच्या हातून चुकीचा माल गेला, यावर कारखान्यात कोणाचा विश्वास बसेना. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, आणि विचारलं, तात्यांचं चाललंय काय. मला गप्प बसता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "तात्या पितात, शेठ."

तीन शब्द. आणि खरं सांगायचं तर ते बोलताना मला हलकं वाटलं, जणू आप्पांनाच एकदाचं कोणाच्या तरी पुढे उघडं पाडलं.

आठवड्याभरात तात्यांना स्टोअरमध्ये बसवलं, खिळे आणि वॉशर मोजायला. तपासणीची मुख्य मी झाले. आपला गेज फडक्याने पुसून तात्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि गेले. ते टेबल मला खायला उठायचं.

बढती झाली म्हणजे तोंड गोड करायला हवं, नाहीतर कारखाना जगू देत नाही. मी विरारहून एक किलो काजूकतली आणली, मनातल्या टोचणीपायी दुकानातली सगळ्यात भारी. ठरवलं होतं की पहिली कतली तात्यांना, तीही माझ्या हाताने. दुपारच्या सुट्टीत स्टोअरमध्ये गेले, खोकं उघडलं, त्यांच्या पाया पडले. तात्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "एवढंसं दे." मी म्हटलं, एवढंसं कसलं, आज अख्खी खायची, आणि कतली त्यांच्या ओठांशी नेली. त्यांनी तोंड उघडलं. ते डोळे मिटून चावत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं, ते मी कधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

पाव तासात स्टोअरमधून डबे पडल्याचा आवाज आला. तात्या रॅकला धरून उभे होते. चेहरा ओळखू येत नव्हता. ओठ, डोळे, कान, सगळं सुजून वर आलेलं, अंगावर लाल चट्टे, आणि श्वास शिट्टी वाजल्यासारखा. शेठनी गाडी काढली, मी मागे तात्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. गेटमधून बाहेर पडताना कोणीतरी म्हटलेलं मला ऐकू आलं, भरदुपारी ढोसली वाटतं.

इस्पितळाच्या दारात आम्हाला सोडून शेठ गाडी लावायला गेले आणि कोणाचा तरी फोन आला म्हणून तिथूनच कारखान्यात परतले. आत डॉक्टरांनी सुई दिली, नळी लावली, आणि मला विचारलं, काय खाल्लं यांनी? मी म्हटलं, काही नाही, एक काजूकतली. डॉक्टर माझ्याकडे अशा नजरेने पाहायला लागले की मला कळेना मी काय बोलले.

तेवढ्यात तात्यांची बायको आली, आम्ही त्यांना काकू म्हणतो. केळीच्या चिकाचे डाग पडलेल्या साडीवरच धावत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काजू कोनी दिले त्यांना?"

"मी."

त्या मटकन बाकावर बसल्या आणि मग सगळं सांगत सुटल्या. पंचवीस वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात पहिल्यांदा असं झालं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं, काजू तुम्हाला विष आहे, आयुष्यात शिवायचं नाही. आणि या माणसाला जगात आवडतं काय, तर काजूकतली. बाकी पेढा द्या, जिलेबी द्या, ढुंकून बघणार नाही. कतली दिसली की संपलं. आधी अ‍ॅलर्जीची गोळी घ्यायची, मग एवढंसं खायचं, मग घसा खाजतो म्हणून लवंग चघळायची, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन गोळ्या खाऊन झोपेत कामावर जायचं. काकूंनी खिसे शिवून टाकले तर हे महाराज कागदात गुंडाळून डब्यातल्या भाकरीखाली लपवून न्यायला लागले.

मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट उलटी होऊन पडत होती. लाल डोळे. लवंग. भिंतीला धरून चालणं. वर्तमानपत्राची पुडी. शिवलेले खिसे. सगळं मी पाहिलं होतं, एकही गोष्ट खोटी पाहिली नव्हती, आणि सगळंच्या सगळं चुकलं होतं. मला भोवळ आली. काकूंना वाटलं मी काळजीने अशी झाले. त्यांनी मला पाणी दिलं. त्यांच्या हातून ते पाणी पिताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तात्यांना बोलता यायला लागलं. काकू औषधं आणायला खाली गेल्या तशी मी कॉटशी गेले. मला माफी मागायची होती, पण तोंडातून निघाला तो रागच. मी म्हटलं, सांगता येत नव्हतं? नुसतं काजू चालत नाहीत म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि मग म्हटलं, शेठना ते सांगणारी मी होते.

"ठाऊक आहे," तात्या म्हणाले. "शेठनी सांगितलं मला, त्याच दिवशी."

म्हणजे मी स्टोअरमध्ये पाया पडायला गेले तेव्हा त्यांना माहीत होतं. खोकं उघडलं तेव्हा माहीत होतं. मी कसंबसं विचारलं, "मग खाल्लीत का?"

"तू हाताने भरवत होतीस, बाय. तोंड फिरवलं असतं तर तुला वाटलं असतं, तात्याने राग धरला." मग जरा वेळाने, छताकडे बघत म्हणाले, "आनि कतली पन ताजी होती."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी हुंदका आला. मी त्यांना म्हटलं की उद्याच कारखान्यात सगळ्यांना खरं काय ते सांगते. तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला. "नको. दारूच राहू दे." मला वाटलं औषधाने भ्रमले. पण ते शुद्धीवर होते. "तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, थोडंसं असं काय नसतं. आनि मी सोता एवढ्याशा कतलीला मोडतो? प्यायलेल्या मानसाला लोक सांभाळून घेतात. मला हसतील. मग माझा गेज कोन मानेल?"

मी वचन दिलं. त्यांच्यासाठी दिलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते माझ्या सोयीचं होतं. खरं सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागली असती.

तात्या परत कामावर आले नाहीत, काकूंनी येऊ दिलं नाही. पुढची दोन वर्षं मी अधूनमधून त्यांच्या वाडीवर जायचे. ते अंगणात चटईवर सोललेली राजेळी केळी उन्हात मांडत बसलेले असायचे. आठवडाभर उन्हं खाऊन ती मधासारखी गोड होतात, आमच्या वसईची सुकेळी ती. "हे चालतं मला," म्हणत एक मला द्यायचे, एक स्वतः खायचे, आणि खाता खाता त्यांची नजर माझ्या पिशवीकडे जायची. मी पिशवी उलटी करून दाखवायचे. मग ते निराश होऊन विचारायचे, विरारला ते दुकान अजून चालतं का गं. काकू आतून ओरडायच्या, चालत नाही, बंद पडलं. दोन वर्षांत त्यांनी कतलीला हात लावला नाही. निदान आम्हा दोघींना तरी तसं वाटतं.

या थंडीत तात्या गेले. साध्या तापाचं निमित्त झालं, छाती भरली, आणि चार दिवसांत संपलं. काजूचा काही संबंध नव्हता. कारखान्याच्या ग्रुपवर बातमी आली तेव्हा खाली ओळीने हात जोडलेले आले, आणि मध्येच एकाने लिहिलेलं दिसलं, देवमाणूस, पण पिण्याने घात केला. माणूस गेला आणि माझे तीन शब्द अजून जिवंत होते.

तेराव्याला कारखान्यातली पाचसहा माणसं आली होती. जेवणाआधी नळावर हात धुताना त्यांच्यातला एक जण हळहळून म्हणाला, काय बोट होतं तात्यांचं, दारूने वाटोळं केलं. काकू मागेच तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"कोन प्यायचं?" त्यांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. वचन मोडायची वेळ आली होती, आणि मी ते मोडलं. सगळ्यांसमोर, काकूंच्या तोंडावर, मी म्हटलं, "तात्यांनी दारूला कधी हात लावला नाही. ते पितात असं शेठना मी सांगितलं होतं. मला काही माहीत नव्हतं. त्यांना काजू बाधायचे, आणि ते चोरून काजूकतली खायचे."

मी डोळे मिटून उभी राहिले. वाटलं, आता काकू मला घराबाहेर काढतील, आणि काढायलाच हवं होतं. पण पहिल्यांदा हसल्या त्या काकूच. "दारू?" त्या म्हणाल्या. "ह्यांना शेजारच्या ताडीचा वास आला तरी उलटी व्हायची." हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले आणि त्या खालीच बसल्या. नळावरचा तो माणूस मान खाली घालून उभा होता. तात्यांना वाटलं होतं लोक त्यांना हसतील. एकही जण हसला नाही.

थोड्या वेळाने काकूंनी डोळे पुसले आणि माझा हात धरून मला आत नेलं. आत तात्यांच्या फोटोपुढे त्यांचं पान वाढलेलं होतं. भात, वालाचं बिरडं, वडे, खीर, सगळं. पानाची उजवी बाजू तेवढी रिकामी होती. काकूंनी फडताळातून एक खोकं काढलं. सकाळी स्वतः दुकानात जाऊन आणलं म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा काजू घरात घेतले.

खोकं उघडून त्यांनी एक कतली उचलली, सवयीने तिचा नखाएवढा कोपरा मोडला आणि पानाकडे हात नेला. मग थांबल्या. हातातल्या कोपऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. तो परत ठेवला, आणि सबंध खोकं उचलून पानावर ठेवलं.

"खा," त्या फोटोला म्हणाल्या. "आता काय होत नाय तुम्हाला."